उत्तर: मोकाट गुरं आणि मालकाची जबाबदारी

मोकाट गुरामुळे गाडीला अपघात झाला तर मालकावर काय कारवाई होते, या प्रश्नावर 'कोंडवाड्याचा (मोकाट गुरं पकडून ठेवतात त्या जागेचा) दंड भरला की मालक सुटला' असं दोघांनी लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. दंड भरून जनावर सुटतं, मालक सुटेलच असं नाही. गुरं रस्त्यावर मोकाट सोडणं हा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 118 खाली गुन्हा आहे. शिवाय निष्काळजीपणामुळे जनावरापासून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होण्याचा संभव असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहेच: 6 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गाडीची नुकसानभरपाई मागायची तर दिवाणी दावा वेगळा.

खरी अडचण मालक शोधण्याची. दोन वर्षांपूर्वी ठाण्यात घोडबंदर रोडला रात्री माझ्या स्कूटरसमोर एक गाय अचानक उठली. गुडघा फुटला, मडगार्ड गेलं. दुसऱ्या दिवशी आसपासच्या गोठ्यांत विचारलं तर 'आमची नाय ती'! (सकाळी दूध काढताना मात्र बरोबर आपली ओळखतात.) तेव्हा कुणीतरी सांगितलं की कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा 12 आकडी नंबर मालकाच्या नावावर नोंदलेला असतो. म्हणून आधी कानाचा फोटो काढा, मग तक्रार लिहा. मी फोटो काढला होता, पण फुटलेल्या मडगार्डचा.