ग्लॅस्टनबरी आधी खरंच फुकट असायचं का?

कॉलेजरोडची_आई

माझी लेक ब्रिस्टलला मास्टर्स करतेय. २०२५ च्या जूनमध्ये मैत्रिणींबरोबर ग्लॅस्टनबरीला (इंग्लंडमधला तो मोठा संगीत महोत्सव) जाऊन आली. तिकीट ३७३.५० पौंड, वर ५ पौंड बुकिंग फी. आपले चाळीस हजारांच्या वर झाले, आणि हे चिखलात तंबू ठोकून झोपण्याचे! आधीच्या नोव्हेंबरात विक्री उघडली तेव्हा ७५ पौंड भरून जागा धरायची होती, बाकीचे एप्रिलपर्यंत. चार जणी चार लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. ३५ मिनिटांत सगळी तिकिटं खलास.

हे घरी सांगितलं तर सासरे (वय ७८) म्हणतात, "छे! ते हिप्पी लोकांचं काम. तिकीट कसलं? आमच्या कॉलेजच्या वेळी मासिकात फोटो यायचे, सगळं फुकट असायचं." लेक म्हणते, आजोबा काहीही सांगतात. तेव्हापासून रविवारच्या व्हिडिओ कॉलवर हाच विषय चाललाय, मला मधे बोलायलाही मिळत नाही.

खरं काय? आणि फुकट होतं तर ते बंद कुणी केलं? तिकडे राहून आलेल्या कुणी सांगितलं तर बरं. लिंका नकोत, त्या लेकीने आधीच ढीगभर पाठवल्यात.

---

शरणपूर_सॉमरसेट

ताई, सासऱ्यांना विचारा, कुठलं साल म्हणताय? १९७१ म्हणाले तर ते जिंकले. १९७० म्हणाले तर नात जिंकली.

मी २००१ ते २००९ ब्रिस्टलला नोकरीला होतो. ग्लॅस्टनबरीचं शेत तिथून तासाभराच्या आत. घरमालक जुना पोस्टमन, साठीचा, तरुणपणी केस कमरेपर्यंत असलेला. यातलं बरंचसं त्याच्या स्वयंपाकघरात बसून ऐकलेलं आहे, काही स्वतः पाहिलेलं.

पहिला मेळा १९ सप्टेंबर १९७० ला, पिल्टन गावच्या वर्दी फार्मवर. शेत मायकेल ईव्हिसचं, धंदा दुधाचा. तिकीट १ पौंड, आणि त्यात शेतावरचं दूध फुकट. माणसं आली दीडेक हजार. म्हणजे सुरुवातच तिकिटाने झाली! फुकट झाला तो दुसऱ्या वर्षी. अँड्र्यू कर आणि अरॅबेला चर्चिल (हो, त्याच चर्चिलची नात) यांनी तो १९७१ च्या जूनमध्ये भरवला. पिरॅमिडच्या आकाराचं स्टेज तेव्हा पहिल्यांदा उभं राहिलं आणि डेव्हिड बोवी पहाटे उजाडताना गायला. तिकीट नाही म्हणजे खर्च नाही, असं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या आणि ओळखीपाळखीच्या खिशातून केलं. असं एकदा जमतं, दरवर्षी नाही. १९७९ ला ५ पौंड तिकीट लावून पुन्हा केलं तर तोटा आला. १९८१ पासून ८ पौंड, तेव्हा सीएनडी या अण्वस्त्रविरोधी संघटनेसाठी, आणि मग गाडी रुळावर लागली.

पण आजोबांनी फोटो पाहिले असतील ते बहुतेक ग्लॅस्टनबरीचे नसतीलच. फुकटची खरी परंपरा वेगळ्या वाटेने आली.

लंडनच्या हाइड पार्कात १९६८ पासून फुकट मैफली व्हायच्या. ५ जुलै १९६९ ला रोलिंग स्टोन्स तिथे वाजवून गेले, त्या बँडचा गिटारवाला ब्रायन जोन्स वारून दोनच दिवस झाले होते. लाखांनी लोक. नंतर ज्यांनी कचरा गोळा केला त्यांना बँडची नवी रेकॉर्ड भेट मिळाली. हेच स्टोन्स २०१३ ला त्याच पार्कात परत आले तेव्हा तिकीट ९५ पौंडांच्या आसपास होतं आणि भोवती पत्र्याचं कुंपण.

१९७० चा आइल ऑफ वाइटचा उत्सव. तिकीट ३ पौंड. आमचा घरमालक गेला होता, पण तिकीट काढून नव्हे. कुंपणाबाहेर एक टेकडी होती, तिच्यावरून स्टेज दिसायचं. हजारो लोक तिथेच पथारी टाकून बसले. शेवटी कुंपण पाडलं गेलं आणि आयोजकांनी हात टेकून "आता सगळ्यांना फुकट" असं जाहीर केलं. बेटाची वस्ती लाखाच्या आसपास आणि पाहुणे काही लाख. दुसऱ्याच वर्षी, १९७१ ला, त्या बेटापुरता कायदा पार्लमेंटात झाला: ५ हजारांवर लोक रात्रभर जमणार असतील तर परवाना हवा.

मग विंडसर. राणीच्या किल्ल्याशेजारच्या बागेत, कुणाची परवानगी न घेता, १९७२ ते ७४ असे तीन उन्हाळे. तिसऱ्या वर्षी पोलिसांनी भल्या सकाळी तंबू उठवले. त्याच ७४ च्या जूनमध्ये स्टोनहेंजच्या दगडांपाशी दुसरी मंडळी जमायला लागली आणि १९८४ पर्यंत दरवर्षी जमली. तिथे आयोजक असा कुणी नव्हताच. एखादा बँड ट्रकवरून जनरेटर आणायचा, दुसरा कुणी भाताचं मोठं पातेलं चढवायचा. आमचा पोस्टमन सुट्टी टाकून जायचा. त्याचं म्हणणं, संडास आणि पाणी सोडलं तर काही कमी नसायचं. मी म्हटलं, बाबा रे, त्या दोनच गोष्टींसाठी तर आमच्याकडे महापालिका असते.

१९८५ ला कोर्टाची मनाई आली. १ जूनला स्टोनहेंजकडे निघालेल्या बसगाड्यांचा ताफा पोलिसांनी अडवला, गाड्या शेजारच्या घेवड्याच्या शेतात शिरल्या, पोलिसांनी काचा फोडून माणसं बाहेर ओढली. पाचशेच्या वर अटका. घरमालक त्या वर्षी गेला नव्हता, बायकोला दिवस होते. हे सांगताना तो दर वेळी चहा पुन्हा गरम करायला उठायचा.

शेवटचा खिळा १९९२ चा. कॅसलमॉर्टन नावाच्या गावच्या गायरानात आठवडाभर रेव्ह (इलेक्ट्रॉनिक संगीतावर रात्रंदिवस नाच) चालला, वीस हजारांच्या वर पोरं. त्यावरून १९९४ चा कायदा झाला. त्यात पोलिसांनी कुठलं संगीत बंद पाडायचं याची व्याख्या आहे, "एकामागोमाग एक पुन्हा पुन्हा येणारे ठोके" अशा अर्थाची. आपले नाशिक ढोलवाले त्या व्याख्येत अलगद बसतील.

तर ताई, फुकट मेळे आपोआप महाग झाले नाहीत. ते आधी बंद पाडले गेले आणि जागा उरली ती परवाना काढू शकणाऱ्यांना.

---

सातपूर_साउंड

काका, भारी लिहिलंय. पण सगळं खापर पोलिसांवर फोडू नका. मी साउंड-लाइटचं काम करतो, सातपूरला गोडाऊन आहे. फुकट कार्यक्रम म्हणजे काय ते आमच्या बाजूने ऐका.

दोन वर्षांपूर्वी एका मंडळाने उघड्या मैदानावर बँडचा शो ठेवला. "प्रवेश विनामूल्य" असे बॅनर गावभर. लाइन अॅरे (टांगलेल्या स्पीकरांची रांग), ट्रस (लाइट टांगायचा सांगाडा), दोन जनसेट म्हणजे जनरेटर, ३० फुटी स्टेज. अंदाज दोन हजारांचा, आले सात-आठ हजार. बॅरिकेड मुळात नव्हतेच. पोरं सब-बेसच्या स्पीकरवर चढून नाचली. स्पीकरमधले दोन ड्रायव्हर जळाले, आवाजाचा एक मिक्सर चिखलात गेला. बिल अजून अर्धं बाकी आहे. फोन केला की "भो, शो फुकटचा होता, पैसे कुठून आणू?" जनसेटच्या डिझेलला मात्र फुकट काय ते कळत नाही.

तिकीट असलं की निदान किती माणूस येणार ते माहीत असतं. संडास किती, पाणी किती, अॅम्ब्युलन्स किती, बाहेर पडायचे रस्ते किती, सगळा हिशोब त्या एका आकड्यावरून निघतो. आमच्या लाइनीत तिकीट म्हणजे पैसा नंतर, मोजणी आधी.

बाकी तिकडे आता तिकिटावर २० टक्के व्हॅट आहे, आणि रेडिंग, लीड्स, लॅटिट्यूड हे सगळे महोत्सव लाइव्ह नेशन या एकाच कंपनीच्या छत्रीखाली आहेत. तेव्हा ३७८ पौंडांत नुसतं संडास-पाणी नाही हेही खरं.

---

शरणपूर_सॉमरसेट

सातपूर, मोजणीचा मुद्दा सोळा आणे खरा. तो ग्लॅस्टनबरीलाच सगळ्यात महागात पडला.

२००० साली परवाना लाखभर लोकांचा आणि आत आले त्याच्या दुप्पट, असं धरलं जातं. कुंपण होतं, पण नावाला. शिडीवाले माणशी काही पौंड घेऊन लोकांना पलीकडे उतरवायचे, कुणी खालून बोगदे खणले होते. म्हणजे फुकट घुसणाराही पैसे देतच होता, फक्त दुसऱ्याला! २००१ ला मेळाच रद्द करावा लागला. २००२ ला परत आला तो पोलादी भिंत घेऊन, बाराएक फूट उंच. पुढे २००७ पासून तिकिटासाठी आधी फोटोसकट नोंदणी करावी लागते. तुमच्या लेकीच्या तिकिटावर तिचा फोटो असेल बघा.

मी २००५ ला आत गेलो तो तिकिटाने नाही. तेव्हा तिकीट १२५ पौंड होतं. ऑक्सफॅम ही संस्था स्वयंसेवक पाठवते: आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या करायच्या, अनामत भरायची, पाळ्या पूर्ण झाल्या की ती परत. मोबदल्यात ग्लॅस्टनबरीवाले ऑक्सफॅमला देणगी देतात. मला गेटवरची रात्रपाळी मिळाली. अंगावर चकाकणारं जाकीट, हातात मनगटी पट्ट्यांची चळत. कापडी पट्टी असते, कडी दाबून बसवायची, एकदा बसली की कापल्याशिवाय निघत नाही.

पहाटे तीनच्या सुमारास एक गृहस्थ आला. पांढरी दाढी, खांद्याला झोळी, आपल्या रामकुंडावर सहज खपला असता. खिशातून तिकीट काढलं, नीट घडी केलेलं. मी पट्टी बांधत होतो तर म्हणाला, "पंधरा वर्षं येतोय, गेटमधून पहिल्यांदाच. गेट कुठंय हेच माहीत नव्हतं, दोन मैल भिंतीच्या कडेने चालत आलो." मी विचारलं, मग वाईट वाटतंय का? त्याने भिंतीवर एक थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी, आणि म्हणाला, "माझी बायको या वर्षी पहिल्यांदा आलीय. पूर्वी घाबरायची."

सकाळी वादळ झालं. उतारावरचे तंबू पाण्यात गेले, लोक स्लीपिंग बॅगा डोक्यावर धरून येत होते. अग्निशमनवाले, पंप, सगळं तासा-दोन तासांत हजर. ते १२५ पौंडांतलंच होतं.

---

तिवंधा_चौक

दोघांचं वाचलं, पण मला पटलं नाही. आमच्याकडे नाशिकला या, रंगपंचमीला. रहाड म्हणजे रंगाचा हौद, पेशव्यांच्या काळापासून आहे. वर्षभर मातीखाली बुजवलेली, त्या दिवसापुरती उघडायची, पूजा करायची, रंग शिजवून ओतायचा आणि धप्पा मारायचा, म्हणजे त्यात उडी घ्यायची. तिकीट नाही, पास नाही, मनगटी पट्टी नाही. हजारो लोक येतात. गल्लीतली घरं रंग, लाकडं, पाणी, सगळं बघतात. पोलीस बंदोबस्त असतो, पण कुणी भिंत बांधली नाही.

त्याच दिवशी गावाबाहेरच्या रिसॉर्टांवर रेन डान्सची तिकिटं असतात. माझा पुतण्या तिकडे जातो, काय बोलणार! म्हणतो, "काका, तिथे चेंजिंग रूम आहे."

लंडनचं नॉटिंग हिल कार्निव्हलही आजतागायत फुकटच आहे ना? मग?

---

शरणपूर_सॉमरसेट

आहे. ऑगस्टच्या शेवटी, रस्त्यावर, आणि तिथे गर्दी ग्लॅस्टनबरीपेक्षा कितीतरी जास्त. पण फरक बघा. ते कॅरिबियन वस्तीने आपल्या दारात उभं केलंय, तुमच्या रहाडीसारखं. मोठा कलाकार विमानाने आणायचा नसतो, गल्लीच कलाकार. आणि तिथेही दरवर्षी वाद होतोच: पोलिसांचा खर्च कुणी करायचा, गर्दी फार झाली, पार्कात हलवून तिकीट लावा. वस्ती दाद देत नाही.

स्टोनहेंजला ती वस्ती नव्हती. सगळेच पाहुणे, यजमान कुणीच नाही. पोलीस आले तेव्हा "हे आमचं आहे" म्हणायला गावातला एक माणूस पुढे आला नाही. तिवंध्याला रहाड बुजवायला कुणी आलं तर काय होईल ते मी सांगायला नको.

पुतण्याला मात्र मी दोष देणार नाही. पासष्टाव्या वर्षी रहाडीतून निघून ओल्या कपड्यांत शरणपूर रोडपर्यंत स्कूटरवर आलोय मी. चेंजिंग रूमची किंमत मला माहीत आहे.

---

सातपूर_साउंड

तिवंधा, यंदा येतो धप्पा मारायला. स्पीकर मात्र आणणार नाही.

---

कॉलेजरोडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी कॉलवर पूर्ण वाचून दाखवलं. लेकीने तिकिटावरचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला, काकांचं बरोबर निघालं. २०२६ ला तिथे मेळा नाही म्हणे, शेताला विश्रांती देतात. म्हणून ती २०२७ साठी आतापासूनच ऑक्सफॅमची चौकशी करतेय. मी सांगितलं, रात्रपाळी घे, पण रेनकोट ने.

सासऱ्यांना १९७१ चं कळल्यावर त्यांनी विजय घोषित केलाय. १९७० चा विषय काढला की ऐकू येत नाही. फक्त एक शंका राहिलीय, ती तुम्हालाच विचारायला सांगितलीय: ते फुकटचं दूध गाईचं होतं की म्हशीचं?

---

शरणपूर_सॉमरसेट

गाईचं. पिल्टनला म्हैस कुठली!