मागिकोचं नाव राहिलंच की

लोक म्हणतात, फुटबॉलमध्ये मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरचं नाव निघालं की हंगेरीकडून खाल्लेले १० गोलच आठवतात. खरंय, १९८२च्या विश्वचषकात १०-१ हरले बिचारे. मायदेशी यादवी युद्ध पेटलेलं, तयारी यथातथाच. पण त्याच संघात होर्खे ‘मागिको’ (म्हणजे जादूगार) गोन्सालेस होता! स्पर्धेनंतर स्पेनच्या कादिस क्लबनं त्याला उचललं, तेही तो क्लब दुसऱ्या श्रेणीत खेळत असताना. पुढच्याच वर्षी क्लब वरच्या श्रेणीत.

गडी मात्र अस्सल निशाचर. रात्रभर मैफल, सकाळी सरावाला दांडी. उठवायला माणूस पाठवावा लागे म्हणतात. मोठ्या क्लबात गेला असता तर, ही हळहळ मला तरी पटत नाही. त्याला कादिस मानवलं, कादिसला तो. चेंडू एका बाजूला ढकलल्यासारखं करून क्षणात दुसरीकडे खेचायची त्याची हातखंडा चाल, ‘कुलेब्रिता माचेतेआदा’, म्हणजे कोयत्यानं तोडलेलं सापाचं पिल्लू. नावच बघा! खुद्द मॅराडोना त्याचं तोंड भरून कौतुक करायचा.

राजधानी सान साल्वादोरच्या राष्ट्रीय स्टेडियमला २००६मध्ये त्याचंच नाव दिलं, आणि तेही तो हयात असताना.