'नस दबली' म्हणजे नेमके काय दबले?

प्रश्न : आईच्या एमआरआयच्या अहवालात सायटिक नर्व्हच्या मुळावर दाब असल्याचे लिहिले आहे. मी तिला 'कमरेची नस दबली आहे' असे सांगितले, तर ती म्हणाली, 'म्हणजे रक्त अडलंय का?' नर्व्हला नस म्हणणे चुकीचे आहे का?

उत्तर : आपल्या आईंची शंका रास्त आहे. 'सलाइनसाठी नस सापडत नाही' असे म्हणणाऱ्या नर्सच्या मनात रक्तवाहिनी असते, तर मानेची नस आखडल्याची तक्रार करणाऱ्याचा बहुधा स्नायू आखडलेला असतो. 'शीर' या शब्दाचीही तीच गत आहे. 'मज्जातंतू' रुळला आहे खरा, पण मज्जा म्हणजे मुळात हाडाच्या पोकळीतला मऊ शरीरघटक; म्हणून मला 'चेता' अधिक नेमका वाटतो.

सायटिकाला 'गृध्रसी' हा जुना शब्द आहे, परंतु ते व्याधीचे नाव आहे, चेतेचे नव्हे. चरकसंहितेत या वेदनेची सुरुवात 'स्फिक्' म्हणजे कुल्ल्यापासून सांगितली असून ती पुढे मांडी, गुडघा, पोटरी अशी पावलाकडे उतरते. गंमत अशी की सायटिक चेता कुल्ल्यातून जाते, पण तिथल्या नितंबस्नायूंना एकही शाखा देत नाही. त्यामुळे तिला 'नितंबचेता' म्हणता येणार नाही.

ते नाव खऱ्या अर्थाने दोन वेगळ्या चेतांचे आहे. कुल्ल्यातल्या पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूच्या वरच्या कडेने श्रोणीबाहेर (पेल्व्हिसबाहेर) पडते ती ऊर्ध्व नितंबचेता, खालच्या कडेने पडते ती अधो नितंबचेता. येथे ऊर्ध्व आणि अधो ही विशेषणे बाहेर पडण्याच्या जागेची आहेत, स्नायूंच्या थरांची नव्हेत. सर्वांत वरच्या थरातला, सर्वांत मोठा नितंबस्नायू अधो चेतेकडेच आहे. ऊर्ध्व चेता मधल्या व लहान नितंबस्नायूंना जाते. ती दुखावली तर त्या पायावर उभे राहताना श्रोणीची दुसरी बाजू खाली झुकते.

'श्रोणी'ऐवजी 'ओटीपोट' लिहू नये. श्रोणी हा हाडांचा कटोरा आहे, ओटीपोट बेंबीखालचे पोट.

राहिली कंबर. आपण संकोचाने 'कमरेत इंजेक्शन दिले' म्हणतो. प्रत्यक्षात सुई कुल्ल्याच्या वरच्या, बाहेरच्या चतुर्थांशात टोचतात, कारण सायटिक चेता त्याच्या खालून आणि आतल्या बाजूने जाते. आपण मात्र 'कमरेची' म्हणालात ते बरोबर आहे, कारण या चेतेची मुळे कमरेच्या चौथ्या मणक्यापासून त्रिकास्थीच्या (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) तिसऱ्या खंडापर्यंतची आहेत. आईंना 'कमरेतून पायाकडे जाणारी चेता दबली आहे, रक्तवाहिनी नव्हे' एवढे सांगा.