मदत हवी आहे: जुना कॅसेटवाला व्हिडिओ गेम मॉनिटरला कसा जोडू?

माळ्यावर नव्वदच्या दशकातला व्हिडिओ गेम सापडला, पिवळ्या कॅसेटसकट. निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची ही नक्कल, म्हणजे तिसऱ्या पिढीतला ८-बिट कन्सोल. (कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलंय, आत तेच पाच-सहा गेम फिरून फिरून येतात, ते असो.) लाल दिवा लागतो, पण मागे फक्त अँटेनाची पिन आहे आणि घरात टीव्ही नाही, नुसता एचडीएमआयवाला मॉनिटर. मध्ये जुना व्हीसीआर (व्हिडिओ कॅसेट लावायचं यंत्र, त्याला अँटेनाची वायर जोडता येते) लावून त्याच्या एव्हीतून (चित्र-आवाज बाहेर देणाऱ्या पिनांतून) एचडीएमआय कन्व्हर्टरने चित्र घेता येईल का? आवाजाचं काय?

शिवाय भाऊ अमेरिकेहून एनईएस (फॅमिकॉमचीच तिकडची आवृत्ती) आणतोय. त्याच्या कॅसेटला ७२ पिना, माझ्या ६० च्या. त्यासाठीचा अ‍ॅडॅप्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) कुणी अलीकडे पाहिलाय? ‘नवीन प्लेस्टेशन घे’ हा सल्ला घरातून रोज मिळतोय, तो नको.