आयोवात खेड्यातलं घर, डाउन पेमेंट शून्य: मुलीला घेऊ द्यावं का?

रामबागची_आजी
नमस्कार मंडळी, मी इंदूरला रामबागेत राहते. मुलगी-जावई अमेरिकेत आयोवा राज्यात एम्स शहरात आहेत, मागच्या वर्षी दोघांचं ग्रीन कार्ड झालं आणि आता ते त्याच स्टोरी काउंटीत नेवेडा गावाच्या बाहेर घर बघून राहिले आहेत. मुलगी म्हणते यूएसडीएचं, म्हणजे तिथल्या कृषी खात्याचं कर्ज आहे, त्यात एक डॉलरही आधी भरावा लागत नाही. मला काही हे पटत नाही, इथे सांवेर रोडला घर घ्यायला गेलो तर बँक म्हणाली आधी डायव्हर्शनचे (शेतजमीन बिगरशेती केल्याचे) कागद दाखवा आणि वर २० टक्के तुमचे आणा. जावई सॉफ्टवेअरमधे, शेतीशी काही संबंध नाही, मग कृषी खातं त्यांना कशाला देईल? घर मक्याच्या शेतांच्या मधोमध आहे, पाणी विहिरीचं, आणि नात ७ महिन्यांची. मी ६ महिने तिकडे चालले आहे, माझं पेन्शनही त्यांच्या उत्पन्नात धरतील का?

परदेशीपुऱ्याचा
काकू, कर्ज खरं आहे, आम्ही त्यावरच घर घेतलंय. शेतकरी असायची अट नाही. त्या खात्याकडे १९४९ च्या कायद्यापासून खेड्यातल्या घरांचं काम आहे. पैसे बँकच देते, सरकार गॅरंटी घेतं म्हणून बँक डाउन पेमेंटशिवाय देते. पण फुकट नाही हं, एकदा १ टक्का गॅरंटी फी (ती कर्जातच घालता येते) आणि पुढे दरवर्षी ०.३५ टक्के. मुदत ३० वर्षं, व्याज फिक्स, आणि घरात स्वतः राहायचं, भाड्याने द्यायचं नाही.

घराचा पत्ता यूएसडीएच्या हिशेबाने खेड्यात बसला पाहिजे. एम्सची वस्ती ६६ हजारांवर, तिथे नाही मिळणार. नेवेडा जेमतेम ७ हजारांचं, तरी मुलीला सांगा की यूएसडीएच्या नकाशावर त्याच घराचा पत्ता टाकून बघ. उत्पन्न त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांच्या आत लागतं आणि घरात राहणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांचं धरतात, कर्जावर सही असो नसो. आमचं इथेच अडलं होतं, धाकटा भाऊ आमच्याकडे राहायचा, त्याचा पगार धरला आणि आम्ही मर्यादेच्या वर गेलो, तो लग्न होऊन वेगळा झाला तेव्हा फाइल पुढे सरकली. तुम्ही पाहुण्या म्हणून जाताय, तुमचं पेन्शन नाही धरत. आणि बाकीच्यांसाठी सांगतो, एच-१बी वर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) असाल तर हे कर्ज विसरा, ग्रीन कार्ड लागतंच.

मक्याच्या_गावची
आजी, मला कर्जापेक्षा नातीची काळजी वाटली म्हणून लिहिते. मी १२ वर्षं आयोवात खेड्यात राहते, माहेर इंदूरचंच. मक्याला खत घालतात त्यातलं नायट्रेट झिरपून विहिरीत उतरतं, दिसत नाही, चव नाही, वास नाही. सरकारी मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम. त्याच्यावरचं पाणी दुधाच्या पावडरीत गेलं तर लहान बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. आणि आपण काय करतो, बाळाचं पाणी आहे म्हणून चांगलं खळखळ उकळतो. माझ्या आईने आल्या आल्या पहिल्या दिवशी तेच केलं, मोठं पातेलं चढवलं. उकळून नायट्रेट जात नाही आजी, पाणी आटतं आणि ते उलट वाढतं! जंतूंसाठी उकळणं वेगळं. नायट्रेटसाठी आरओ लागतो.

आपल्या इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं पण टाकीत पाणी असतं. तिथे वीज गेली की विहिरीचा पंप बंद, मग प्यायला नाही आणि फ्लशलाही नाही. १० ऑगस्ट २०२० च्या डेरेचो वादळात (सरळ रेषेत लांबवर जाणारं सोसाट्याचं वादळ) आम्ही सीडर रॅपिड्स शहराच्या बाहेर होतो, ८ दिवस बादल्यांवर काढले. जनरेटरचा खर्च आत्ताच धरा. बेसमेंटमधे रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू) मोजून घ्या, त्या बाबतीत अख्खं आयोवा सगळ्यात वरच्या धोक्याच्या गटात आहे. सेप्टिक टँकची तपासणी घर विकताना २००९ पासून सक्तीची आहे, तो कागद मागा.

एवढं सगळं असून मी परत शहरात जाणार नाही. बर्फ पडला की शेजारचा शेतकरी न सांगता ट्रॅक्टरने आमचा रस्ता मोकळा करून जातो. आणि मॅड्रिड गावाला देऊळ आहे, एम्सहून अर्ध्या तासावर, तुमचा सण चुकणार नाही.

रामबागची_आजी
दोघांचे खूप आभार. रात्रीच मुलीला फोन लावला. पत्ता नकाशात बसतो म्हणाली. विहिरीचा रिपोर्ट घर विकणाऱ्याने दिलाय, पण तो २०१९ चा आणि त्यात फक्त जंतूंचं लिहिलंय, नायट्रेटचा रकानाच नाही.

मक्याच्या_गावची
मग तो धरूच नका. बँक पाण्याची नवी तपासणी मागेलच, पण आत्ताच काउंटीच्या आरोग्य खात्यात विचारायला सांगा, पाण्याच्या नमुन्याची बाटली तेच देतात. रिपोर्ट हातात येईपर्यंत सही नको.

रामबागची_आजी
जावई सोमवारी बाटली आणायला जाणार आहेत. रिपोर्ट आला की आकडा इथे लिहिते, तुम्ही बघून सांगा.