विकास आराखड्यात खाडीचा चिखलपट्टा पार्किंगला : हरकत कशी लिहावी?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या बंदराचा प्रारूप विकास आराखडा लागलाय. जेटीलगतच्या चिखलपट्ट्यावर पार्किंग दाखवलंय. ओहोटीला तिथे बायका तिसऱ्या काढतात, कडेला चिपी आणि तिवर ही कांदळवनाची झाडं आहेत. सातबाऱ्यावर मात्र नुसतं 'सरकारी पड'! हरकतीला बारा दिवस उरलेत.

कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर संरक्षित पट्ट्याबद्दलचा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल जोडतोय. पण झाडं फक्त कडेला आहेत, मधला चिखल उघडा. २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे सीआरझेड-१अ या सर्वांत संवेदनशील गटात येतात, म्हणून किनारा व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा काढला. तो १:२५,००० चा, त्यात सर्व्हे नंबर शोधणं म्हणजे गवतात सुई. भरती-ओहोटीचे तारखेसह फोटो आहेत, माहिती अधिकाराचं उत्तर मुदतीत येईलसं वाटत नाही. अधिकृत संस्थेकडून १:४,००० चा नकाशा करून घेण्याइतके पैसे मच्छीमार सोसायटीकडे नाहीत, आणि कोर्टात इतक्यात जायचं नाही.

एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा) कलम २६ खालच्या हरकतीत 'सीआरझेडच्या रेषा आराखड्यावर तुम्हीच टाकून दाखवा' अशी मागणी नियोजन प्राधिकरणाकडे करता येते का, की नकाशा आम्हीच जोडायला हवा? कुणी अशी हरकत सुनावणीत टिकवली असेल, तर चिखल 'सक्रिय' असल्याचा पुरावा म्हणून काय चाललं?