मदत हवी आहे: लॉरेन्स टेलर नक्की एवढा मोठा का? आणि पोराला 56 नंबरची जर्सी घेऊ का?

मंडळी, न्यू जर्सीत येऊन चार वर्षं झाली तरी हा अमेरिकन फुटबॉल डोक्यावरूनच जातो, क्रिकेटवर पोसलेला माणूस मी. पोरगा मात्र (वय 11) पक्का जायंट्सवाला (न्यू यॉर्क जायंट्स, इथली टीम) झालाय आणि वाढदिवसाला त्याला त्यांच्या जुन्या डिफेन्सवाल्या टेलरची 56 नंबरची जर्सीच पाहिजे. म्हटलं अरे तो 1993 च्या सीझननंतर रिटायर झाला, तुझा पत्ता पण नव्हता तेव्हा, तर म्हणे बाबा तुम्हाला कळत नाही. खरंच कळत नाही म्हणून विचारतोय.

वाचलं थोडंफार. 1981 च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तो) दुसऱ्या नंबरला घेतला, पहिल्याच वर्षी लीगमधला बेस्ट डिफेन्सिव्ह प्लेअर, 1986 ला 20.5 सॅक (बॉल फेकायच्या आत क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला, पाडणं) आणि थेट एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), जो डिफेन्सवाल्यांपैकी त्याच्याआधी फक्त अ‍ॅलन पेजला मिळाला होता, 1971 ला. दोन सुपर बोल (लीगची फायनल) जिंकला. ते ठीक, पण विकेट कधी अर्धी मिळते का हो? हे .5 काय प्रकरण आहे? आणि टोटल कुठे 132.5 तर कुठे 142.

मग तो 1985 चा व्हिडिओ पाहिला, वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक थाइसमन याचा पाय मोडतो तो (जेवताना बघू नका). पाय मोडल्याचं कळताच टेलर ताडकन उठतो, डोक्याला हात लावतो आणि बाहेरच्यांना हातवारे करकरून बोलावतो. आत्ता ज्याला पाडलं त्याच्यासाठीच. तिथे मला हा माणूस जरा आवडला.

आणि मग पुढचं वाचलं. 1988 ला ड्रग्जपायी 30 दिवस सस्पेंड, आणि 2011 ला अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात गुन्हा कबूल, सहा वर्षं प्रोबेशन. आता हे नाव पोराच्या पाठीवर? जाणकारांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद 1:
दोघांनी मिळून क्वार्टरबॅकला पाडलं की अर्धा-अर्धा सॅक. लीगने सॅक अधिकृतपणे मोजायला 1982 पासून सुरुवात केली, म्हणून त्याचे 1981 चे 9.5 सोडले तर 132.5, धरले तर 142.

पण आकडे सोडा. राइट हॅन्ड क्वार्टरबॅक थ्रोसाठी वळला की त्याची डावी बाजू पाठीमागे जाते, तिकडून कोण येतंय ते त्याला दिसतच नाही, आणि टेलर बहुतेक वेळा तिकडूनच यायचा. आधी अशा लाइनबॅकरला (टेलरची डिफेन्समधली जागा) अडवायला रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) ठेवायचे, तो बिचारा 200 पाउंडाच्या आसपास, हा 240 च्या घरातला आणि वर चपळ, मग काय, भुईसपाट. 1982 च्या जानेवारीत प्लेऑफला (नॉकआउट मॅच) सॅन फ्रान्सिस्कोचा कोच बिल वॉल्शने जॉन एअर्स नावाचा धिप्पाड गार्ड (पुढच्या फळीत अडवणारा) खास याच्यासाठी कामाला लावला. वॉशिंग्टनचा कोच जो गिब्ज, त्याला तर हा वर्षातून दोनदा भेटायचा, त्याने एक बॅक काढून जादा टाइट एंडच (अडवतो आणि बॉल पण पकडतो तो) लावला. पुढे डाव्या टॅकलचे (क्वार्टरबॅकची ती बाजू सांभाळणारा) पगार वाढले त्यातही याचा वाटा आहे. जुनी मॅच लावा, बॉल सुटायच्या आधी पॉज करा, 56 कुठे उभा आहे ते बघा आणि मग त्याच्यावर किती जण जातात ते मोजा. बॉलकडे बघायचंच नाही.

प्रतिसाद 2:
खेळाचं वरती आलंच आहे. जर्सीचं म्हणाल तर आमच्याकडे हाच वाद झाला होता, आम्ही मायकल स्ट्रॅहनची 92 घेतली. जायंट्सच, डिफेन्सच, 2001 ला 22.5 सॅक. घरात शांतता.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. पॉज करून मोजलं, एका प्लेला तिघं होते त्याच्यावर आणि तरी पोचला, आता कुठे जरा डोक्यात शिरतंय. 92 चं पोराला विचारून पाहिलं. म्हणे, "तो सकाळी टीव्हीवर गप्पा मारतो तो?"